बाण कुठे पळाला? आकृत्या काढणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या सोळा खोड्या

चौकोन काढा, बाण जोडा, नाव लिहा. फ्लोचार्ट काढणं एवढंच तर असतं! पण एक चौकोन हलवला की बाण भलतीकडे वळतो, मजकूर चौकटीबाहेर सांडतो, कालपर्यंत सोळा सेंटिमीटरचं असलेलं चित्र आज पंधराचं होतं. यातली प्रत्येक गंमत कुणीतरी पहिल्यांदा पाहिली, टिपून ठेवली आणि बग म्हणून नोंदवली. ओपन सोर्समध्ये कोड सगळ्यांना दिसतो, तक्रार सगळ्यांना दिसते आणि तिच्यावर काय खल झाला तेही दिसतं. म्हणून तर प्रत्येक खोडीची कुळकथा सापडते. त्यातल्या या निवडक सोळा.

१. ‘एंड’ लिहिलं आणि आकृती मोडली

मर्मेड हे क्नूट स्वेडक्विस्ट यांनी २०१४ साली सुरू केलेलं साधन. माउसने काही ओढायचं नाही. ओळी लिहायच्या, आकृती आपोआप उमटते. फ्लोचार्ट म्हटलं की शेवटचा चौकोन आलाच. नवशिका हौसेने त्यात इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘एंड’ लिहितो आणि आकृतीच मोडून पडते! कारण मर्मेडच्या भाषेत ‘एंड’ ही गट संपल्याची खूण आहे. चौकोनातलं नाव कुठलं आणि खूण कुठली, हे सॉफ्टवेअरला वेगळं काढता येत नाही. उपाय एका अक्षराचा: शब्दातलं निदान एक अक्षर कॅपिटल करा. मर्मेडच्या माहितीपुस्तिकेत हा इशारा ठळक चौकटीत दिलेला आहे.

२. ‘ओ’ गिळला, गोल उरला

मर्मेडचीच दुसरी खोडी. दोन नावांमध्ये तीन आडव्या रेघा दिल्या की ती जोडली जातात. पण रेघांना चिकटून छोटा ‘ओ’ आला, तर त्याचा अर्थ ‘रेषेच्या टोकाला गोल काढ’ असा होतो. ‘एक्स’ आला तर फुली. त्यामुळे ‘डेव्ह’ला ‘ऑप्स’ जोडायला जावं, तर ‘ऑप्स’मधला ‘ओ’ गोल होऊन बसतो आणि चौकोनात उरतात फक्त ‘पी’ आणि ‘एस’. मधे एक जागा सोडली की प्रश्न मिटला. गंमत म्हणजे पुस्तिकेत उदाहरणही नेमकं याच जोडीचं आहे.

३. नावातच नकार

कागदपत्रं मांडण्यासाठी लाटेक वापरणाऱ्यांचं लाडकं साधन म्हणजे टिक्झ. टिल टांटाऊ यांनी ते घडवलं. सादरीकरणासाठी वापरलं जाणारं बीमरही त्यांचंच. टिक्झ हे एका जर्मन वाक्याचं लघुरूप आहे: ‘टिक्झ इस्ट काइन त्साइखेनप्रोग्राम’, म्हणजे ‘टिक्झ हा चित्र काढायचा प्रोग्राम नाही’. त्या वाक्याचा पहिला शब्दही पुन्हा टिक्झच! नाव खोटं नाही. इथे हाताने काही रेखाटायचं नसतं, बिंदू आणि अंतरं शब्दांत सांगायची असतात. आणि जो चित्र काढायचा प्रोग्राम नाही, त्याची पुस्तिका हजार पानांच्या पुढे गेली आहे.

४. एका इंचात १२०० पावलं

‘फिग’ हा आकृत्यांचा प्रोग्राम १९८५ साली लिहिला गेला. पुढे तो एक्स विंडो या यंत्रणेवर आला आणि ‘एक्सफिग’ झाला. त्याची फाइल साध्या मजकुराची. पहिल्याच ओळीत ‘फिग’ असं स्वतःचं नाव आणि आवृत्तीचा आकडा. आत एक इंच म्हणजे १२०० एकक. एकावर एक आलेल्या आकारांत कोण वर आणि कोण खाली हे ‘खोली’वरून ठरतं: ० सगळ्यात वर, ९९९ सगळ्यात तळाशी. आणि ० ते ३१ अशा बत्तीस ठरीव रंगांत शेवटचा, ३१ क्रमांकाचा रंग सोनेरी! मजकुराची फाइल असल्यामुळे बिघाड झाला तर साध्या एडिटरमध्ये उघडून चुकीचा आकडा शोधता येतो.

५. दाबून बसवलेली आकृती

डिया हे लिनक्सवाल्यांच्या ओळखीचं, १९९८पासूनचं साधन. सुरुवात केली अलेक्झांडर लार्सन यांनी. पुढे लिनक्सवर अ‍ॅप पोहोचवणारं फ्लॅटपॅक उभं करणारे लार्सन हेच. डियाची फाइल उघडून बघितली तर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. घाबरू नका. आत स्वच्छ एक्सएमएल आहे, फक्त जीझिपने दाबून बसवलेलं. फाइल साठवताना ‘कॉम्प्रेस’ची खूण काढली की तेच एक्सएमएल वाचता येतं. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये आकृत्या ठेवणाऱ्यांनी ही खूण काढायलाच हवी, नाहीतर कालच्या आणि आजच्या आकृतीत काय बदललं ते कधीच कळणार नाही.

६. इंकस्केपच्या पोटातलं जुनं नाव

इंकस्केप या चित्रं काढायच्या साधनात काढलेली एखादी एसव्हीजी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ‘सोडिपोडि’ हा शब्द जागोजागी भेटेल. हे इंकस्केपच्या मूळ घराण्याचं नाव. सोडिपोडि हा लॉरिस काप्लिन्स्की यांचा प्रोग्राम, आणि त्याचं मूळ राफ लेव्हिएन यांच्या ‘गिल’मध्ये. एस्टोनियन मुलांच्या बोलीत सोडिपोडि म्हणजे सरमिसळ. २००३ साली चार विकासकांनी वेगळी चूल मांडली आणि इंकस्केप जन्माला आलं. नाव बदललं, पण जुन्या फाइली उघडायच्या तर आतल्या खुणा बदलून कसं चालेल? म्हणून आजही प्रत्येक इंकस्केप फाइल आपलं माहेरचं नाव मिरवते.

७. सोळाचे पंधरा

जानेवारी २०१७मध्ये इंकस्केपची ०.९२ ही आवृत्ती आली. तोवर इंकस्केप एका इंचात ९० पिक्सेल धरत होतं. वेबच्या सीएसएस मानकानुसार आकडा ९६ हवा, म्हणून तो बदलला. बदल योग्य होता, पण आता जुन्या फाइलींचं माप कोणतं धरायचं? तेच पिक्सेल नव्या हिशेबाने मोजले की १६ सेंटिमीटरची आकृती बरोबर १५ सेंटिमीटरची होते. पडद्यावर ते जाणवतही नाही. पण त्याच आकृतीवरून लाकूड किंवा अ‍ॅक्रिलिक कापायचं असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे माल वायाच. म्हणून जुनी फाइल उघडताना इंकस्केप आता आधी विचारतं: हे चित्र पडद्यासाठी की प्रत्यक्ष मापासाठी? त्या प्रश्नाचं उत्तर घाईत देऊ नका.

८. शून्य कुठे?

शाळेच्या आलेख वहीत शून्य खाली डावीकडे असतं आणि ‘वाय’ वर चढतो. एसव्हीजी फाइलमध्ये मात्र शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि ‘वाय’ खाली उतरतो. इंकस्केप वर्षानुवर्षं पडद्यावर शाळेची रीत दाखवायचं आणि फाइलमध्ये दुसरी लिहायचं. त्यामुळे पडद्यावरचा आकडा एक आणि कोडमधला दुसरा. मे २०२०मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हा हा घोळ संपला. पडद्यावरही शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात गेलं. जुन्या सवयीच्या माणसांसाठी सेटिंगमध्ये जुनी रीतही ठेवली आहे.

९. नावावरून चौकट

ग्राफविझ हे एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत घडलेलं साधन. कोण कोणाला जोडलं आहे एवढं सांगा, मांडणी ते स्वतः करतं. त्यात काही चौकोन एका चौकटीत बसवायचे तर उपगट करावा लागतो. पण चौकट कधी उमटते? उपगटाचं नाव ‘क्लस्टर’ या शब्दाने सुरू झालं की! नुसतं ‘विभाग’ असं नाव दिलं तर चौकट नाही, ‘क्लस्टर_विभाग’ दिलं की लगेच हजर. मापांतही अशीच एक गोम आहे. चौकोनाची रुंदी-उंची इंचांत, पण तो कुठे बसला ते पॉइंटमध्ये, म्हणजे इंचाच्या ७२व्या भागात. आकडे जुळत नसले तर आधी ७२ने गुणून किंवा भागून बघा.

१०. एक चौकोन वाढला, अख्खं चित्र हललं

ग्राफविझबद्दलची ही नेहमीची तक्रार. एक नवा चौकोन घातला आणि सगळ्यांच्या जागा बदलल्या. यात बग नाही, गणित आहे. ओळींमध्ये मांडलेल्या चौकोनांच्या रेषा एकमेकींना कमीत कमी वेळा छेदतील अशी मांडणी शोधणं हे संगणकशास्त्रातलं अवघड कोडं आहे. ओळी दोनच असल्या तरी! परिपूर्ण उत्तर शोधत बसलं तर मोठ्या आकृतीला वेळ पुरायचा नाही, म्हणून ग्राफविझ चांगल्या अंदाजांवर काम करतं. एक नवी रेषा आली की अंदाज नव्याने बांधले जातात. काटकोनी रेषांच्या पर्यायाचीही अशीच मर्यादा आहे: त्या रेषांवर नेहमीची लेबलं बसत नाहीत. पण तिथे ग्राफविझ गप्प बसत नाही, दुसरा पर्याय वापरून बघा असं स्वतःच सुचवतं.

११. मजकूर आहे, पण दिसत नाही

ड्रॉ डॉट आयओ या आकृत्यांच्या साधनात सुरेख आकृती काढली, एसव्हीजी केली, इंकस्केपमध्ये उघडली. अक्षरं गडप किंवा विस्कटलेली, आणि खाली इंग्रजीत एक ओळ: मजकूर एसव्हीजी नाही, दाखवता येत नाही. झालं काय? ओळी मोडणं, ठळक करणं सोपं जावं म्हणून ड्रॉ डॉट आयओ मजकूर एचटीएमएलमध्ये ठेवतं आणि ते एसव्हीजीच्या पोटात घालतं. ब्राउझरला एचटीएमएल कळतं, म्हणून तिथे सगळं छान. ज्याला फक्त एसव्हीजी कळतं त्याची मात्र पंचाईत. मजकुराची ‘वर्ड रॅप’ आणि ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ या दोन्ही खुणा काढा आणि पुन्हा एक्स्पोर्ट करा, अक्षरं परततील.

याच प्रकल्पाची आणखी एक खासियत. कोड सगळ्यांना बघता येतो, पण बाहेरून आलेला कोड ते घेत नाहीत आणि तसं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. छोटासा बदलही दहा ठिकाणी परिणाम करतो, हे त्यांचं कारण. अशा घरात बाहेरच्या माणसाला करता येण्यासारखी सगळ्यात मोलाची मदत म्हणजे नीट लिहिलेली तक्रार.

१२. चित्राच्या पोटात पाककृती

ड्रॉ डॉट आयओमधून पीएनजी काढताना आकृतीची प्रत सोबत ठेवायचा पर्याय असतो. तो घेतला की त्या साध्या दिसणाऱ्या चित्रात अख्खी मूळ आकृती दडते. चित्र परत उघडा आणि चौकोन हलवायला लागा! लिहिलेल्या मजकुरावरून आकृती काढणारं प्लांटयूएमएलही आपल्या पीएनजीत मूळ मजकूर साठवतं. फाइल हरवली, चित्र उरलं, तर त्यातून सगळं परत मिळतं. पण हेही लक्षात असू द्या: बाहेर पाठवलेल्या चित्रातून आतला मजकूरही बाहेर जातो. ऑफिसची आकृती कुणाला देण्याआधी एकदा तपासा.

१३. ४०९६ची वेस आणि सुडोकू

आर्नो रोक यांनी २००९मध्ये सुरू केलेल्या प्लांटयूएमएलमध्ये मोठी आकृती काढली की उजवीकडचा किंवा खालचा भाग कापला जातो. कारण पीएनजीची लांबी-रुंदी मुळात ४०९६ पिक्सेलपर्यंतच ठेवलेली आहे. एका सेटिंगमध्ये आकडा वाढवला की आकृती अखंड. आणि कंटाळा आला तर? आकृतीच्या जागी नुसतं ‘सुडोकू’ लिहा. प्लांटयूएमएल खरोखर सुडोकूचं कोडं काढून देतं! त्याहून आवडावं असं म्हणजे प्रोग्राम आतून कोसळला तरी तो चित्रच काढतो. त्या चित्रात चूक काय झाली ते असतं, आणि ही आकृती व हे चित्र आम्हाला पाठवा, अशी विनंतीही. तक्रारीचा अर्धा मसुदा सॉफ्टवेअरनेच लिहून दिलेला!

१४. मंगळवारी छपाई बंद

बगांच्या दुनियेतली ही अजरामर गोष्ट. ‘ड्रॉ’ हे आकृत्यांचं साधन ज्या ओपनऑफिस संचात येतं, त्या संचाची. २००८च्या सुमारास उबुंटू लिनक्सवर तक्रार आली: दर मंगळवारी ओपनऑफिसमधून छपाई होत नाही. हे निरीक्षण एका वापरकर्त्याच्या पत्नीचं. ऐकणाऱ्याला थट्टा वाटावी अशी तक्रार. पण शोध घेतला आणि ती शब्दशः खरी निघाली!

छपाईला निघालेल्या फाइलीच्या सुरुवातीला ती कधी तयार झाली तो वार आणि तारीख असते. कोणती फाइल कोणत्या प्रकारची, हे ओळखणारं एक छोटं साधन लिनक्सवर असतं. ते सुरुवातीची अक्षरं बघून निकाल देतं. त्याच्या नियमांत अर्लांग भाषेच्या एका फाइलसाठीचा नियम सैल लिहिला गेला होता. ठरावीक जागी इंग्रजीतल्या मंगळवाराची पहिली तीन अक्षरं दिसली की निकाल: ही अर्लांगची फाइल! मग प्रिंटर कशाला छापतोय? बुधवारी तीच फाइल सुरळीत छापली जायची. चूक ओपनऑफिसची नव्हती, प्रिंटरचीही नव्हती. ती सापडली, कारण कुणीतरी वार लक्षात ठेवला आणि दुसऱ्या कुणीतरी तो गांभीर्याने घेतला.

१५. ‘माझ्याकडे तर चालतंय’

१९९८ साली खुल्या झालेल्या बगझिला या तक्रारवहीत एक शेरा असतो: ‘वर्क्स फॉर मी’. मराठीत सांगायचं तर ‘माझ्याकडे तर चालतंय’. तक्रार करणाऱ्याच्या जिवाला लागेल असाच हा शेरा. पण त्याचा अर्थ तुम्ही खोटं बोलता असा नसतो. बिघाड दुसऱ्याच्या यंत्रावर पुन्हा घडवून दाखवता आला नाही, एवढंच तो सांगतो. म्हणून आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम आणि बिघाड होणारी लहानात लहान फाइल सोबत दिली की हा शेरा टळतो.

बगझिला आजही वापरणाऱ्या लिब्रेऑफिसकडे तर वापरकर्त्यांसाठी एक झकास हत्यार आहे: बायबिसेक्ट. जुन्या आवृत्त्यांचे हजारो तयार नमुने एका साखळीत ठेवलेले असतात. मधला नमुना चालवून बघायचा. बिघाड दिसला तर आधीचा अर्धा भाग तपासायचा, नाही दिसला तर नंतरचा. हजार नमुने असले तरी सुमारे दहा वेळा तपासलं की बिघाड नेमका कोणत्या बदलाने आला ते सापडतं. त्यासाठी कोडची एकही ओळ लिहिता यावी लागत नाही. हवा फक्त वेळ आणि चिकाटी.

१६. चुकीला चेक

टिक्झ आणि लाटेक ज्या टेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, त्याचे कर्ते डोनाल्ड कनूथ. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवली की ते २ डॉलर ५६ सेंट देतात. हाच आकडा का? २५६ सेंट म्हणजे त्यांच्या हिशेबात षोडशमान पद्धतीतला एक डॉलर! टेकमधल्या बगचं बक्षीस दरवर्षी दुप्पट होत होत ३२७.६८ डॉलरवर थांबलं. २००८पासून खऱ्या चेकऐवजी ते ‘बँक ऑफ सान सेरिफ’ या काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रं देतात. मिळालेले चेक बहुतेकांनी वटवलेच नाहीत, चौकटीत घालून भिंतीवर लावले. चूक दाखवणं हा अपमान नसून मदत आहे, हे कनूथ यांनी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन दाखवलं.

आता आपली पाळी

या सोळा खोड्यांत मराठी अक्षरांची खोडी घेतली नाही, कारण ती पकडायचं काम आपल्याकडे आहे. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी फाइलमध्ये ‘क’च्या नंतर साठवली जाते, पण दिसायला हवी आधी. ही अदलाबदल करण्याचं काम हार्फबझसारखी लायब्ररी करते. इंकस्केप आणि लिब्रेऑफिस तिचा आधार घेतात. जिथे असा आधार नाही, तिथे वेलांटी अक्षराच्या मागे लोंबकळत राहते. दुसरा घोळ मापाचा. ग्राफविझसारखं साधन चौकोनाची रुंदी आपल्याकडच्या फॉन्टवरून मोजतं, पण एसव्हीजी उघडणाऱ्याकडे दुसराच फॉन्ट असतो. मग ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ चौकटीबाहेर डोकावतं.

आणि अस्सल मराठी खाचाखोचा वेगळ्याच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. फरक एका रफारापुरता, पण अर्थाचा. त्या डोळ्याच्या पापणीसारख्या रेघेसाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणंही हिंदीपेक्षा निराळी. काही फॉन्टांत ती दोन्ही असतात, मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला कळलं तरच आपली वळणं उमटतात.

असं काही बिघडलेलं दिसलं तर ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढंच लिहून थांबू नका. पुटी हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सायमन टॅथम यांनी १९९९मध्ये बग कसा कळवावा यावर एक लेख लिहिला. पुढे अनेक भाषांत गेलेल्या त्या लेखाचं सार असं: काय केलं, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं, हे नेमकं सांगा. आपल्या बाबतीत त्यात आणखी दोन गोष्टी घाला. बिघडलेला शब्द युनिकोडमध्ये टाइप करून द्या, आणि तोच शब्द कागदावर स्वच्छ लिहून त्याचा फोटो जोडा. ब्राझील किंवा जर्मनीत बसलेला विकासक कितीही हुशार असो, ‘दऱ्या’मधली ती पापणी कुठे बसते हे त्याला ठाऊक असणार नाही. ते चौथीतल्या मुलीला ठाऊक आहे. पुढच्या वेळी आकृतीत शब्द मोडला तर खिडकी बंद करण्याआधी दहा मिनिटं काढा आणि ती तक्रार लिहाच.